रहदारी, जकात आणि पेट्रोल

रहदारी हा शब्द आज आपण वाहनांच्या वर्दळीसाठी वापरतो. मूळ फारसी ‘राहदारी’ म्हणजे वाटेची राखण, आणि त्या राखणीपोटी वाटसरूकडून घेतलेला पैसा. आजच्या भाषेत टोल. जकातीचंही तसंच. आपल्यासाठी जकात म्हणजे इस्लामच्या पाच स्तंभांपैकी एक, वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीतला अडीच टक्के गरिबांचा हक्क. राज्यकारभारात तोच शब्द नाक्यावर जाऊन बसला आणि मालावरचा कर झाला. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवत असल्यामुळे मला असे शब्द रोज भेटतात.

औरंगजेबाने गादीवर आल्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत राहदारी माफ केली. (त्याचं नाव काढलं की चर्चा भलतीकडे जाते, इथे फक्त कराबद्दल बोलू.) खाफीखानाने लिहून ठेवलंय की हुकूम निघाला तरी फौजदार आणि जहागीरदार वसुली करतच राहिले. इंग्रजांच्या काळातही तेच. मुंबई इलाख्यात मालावरची अंतर्गत जकात 1838 साली उठली आणि 1875 साली रस्ते व पुलांवरच्या टोलचा कायदा आला.

मग मोटारी आल्या. रस्त्याचा खर्च कोणी द्यायचा हे ठरवायला 1927 साली सरकारने एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. समितीने वाहनकर बंद करा असं म्हटलं नाही, पण रस्त्यांसाठी पेट्रोलवर जादा कर सुचवला. त्यामागचा हिशेब मला आजही पटतो. जो जास्त फिरेल तो जास्त पेट्रोल जाळेल आणि तेवढाच कर देईल, शिवाय वाटेत कोणाला अडवायला नको. मार्च 1929 मध्ये पेट्रोलवरचा कर गॅलनमागे 4 आण्यांवरून 6 आणे झाला आणि वरचे 2 आणे रस्ते निधीसाठी राखून ठेवले. त्याच साली सांगलीत कृष्णेवरचा आयर्विन पूल खुला झाला.

म्हणजे एका इंधनकरात रस्त्याचा खर्च भागवायची वाट तेव्हाच सापडली होती. त्या वाटेने कोणी सरळ गेलं नाही. मुंबई इलाख्यात 1935 साली वाहनकराचा कायदा झाला, 1958 साली त्याजागी नवा आला. महाराष्ट्रातले बरेचसे टोलनाके ह्या 1958 च्या वाहनकर कायद्यातल्या कलम 20 वरच उभे आहेत! केंद्राने 1998 साली रस्त्यांसाठी पेट्रोलवर लिटरमागे 1 रुपया लावला, 1999 साली डिझेलवरही. सन 2000 मध्ये केंद्रीय रस्ते निधीचा कायदा झाला. चौपदरीकरण आलं आणि सोबत आणेवाडी, तासवडे, किणी हे नाकेही आले. साताऱ्याहून कोल्हापूरला निघालेला गाडीवाला गाडी घेताना वाहनकर भरून बसलेला असतो, पंपावर रस्त्याचा उपकर देतो आणि तासवड्याला पुन्हा खिशात हात घालतो.

कोल्हापुरात लोक ह्यावर रस्त्यावर उतरले. पुढे होते वाळवा तालुक्यातल्या ढवळीचे प्रा. एन. डी. पाटील आणि कॉ. गोविंद पानसरे. डिसेंबर 2015 मध्ये तिथला टोल बंद झाला. त्याआधी 1 जूनपासून राज्य सरकारने 12 नाके बंद केले होते आणि 53 नाक्यांवर मोटारी व एसटीला सूट दिली होती. मात्र त्याच वर्षी ऑक्टोबरात दुष्काळासाठी पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे 2 रुपये चढले. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने महामार्गालगतची दारू दुकानं बंद झाली, तेव्हा बुडालेला महसूल भरून काढायला पेट्रोलवर आणखी 3 रुपये. दारू न पिणाऱ्यानेही ते भरले! पेट्रोल म्हणजे सगळ्या खात्यांची उधारी फेडणारा मोठा भाऊ झालाय.

तरीही मला विचाराल तर रस्त्याचा पैसा इंधनातूनच घ्यावा आणि टोल उठवावा. अट एकच, तो पैसा रस्त्यालाच लागला पाहिजे. अडचणी आहेत, त्या झाकायला नकोत. मिरजेहून कागवाड किती लांब? कर्नाटकात डिझेल स्वस्त असलं की मालट्रकवाले टाकी तिकडे भरतात. महाराष्ट्राने सगळा भार इंधनावर टाकला तर आपला रस्ता झिजेल आणि कर बेंगळुरूला जाईल. म्हणून हा बदल एकट्या राज्याला जमणार नाही, केंद्राने पुढे यायला हवं. पण उपकराचा पैसा राज्यांशी वाटून घ्यावा लागत नाही, त्यामुळे केंद्राला आहे तेच सोयीचं. जत तालुक्यात विहिरीवर डिझेल इंजिन चालवणारा शेतकरीही रस्त्याचा उपकर देतो, त्याचं इंजिन कधी डांबरावर येत नाही. त्याला परतावा मिळायला हवा.

आणि आता विजेवरच्या गाड्या वाढताहेत. त्या पेट्रोल जाळत नाहीत, रस्ता मात्र वापरतात. त्यांच्याकडून किलोमीटरवर पैसे घ्यायचे की चार्जिंगच्या युनिटवर, हे आत्ताच ठरवलं नाही तर सरकारला तासवड्याचा नाका चालू ठेवायला चांगलं कारण मिळेल. फास्टॅगमुळे तिथे गाडी थांबवण्याचीही फारशी गरज उरलेली नाही.