विद्यार्थी उद्योजकांची जागतिक कसोटी

प्रतिनिधी

वक्तृत्व, वादविवाद आणि एकांकिका या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांची महाराष्ट्राला जुनी परंपरा आहे. त्यांच्या जोडीने आता विद्यार्थ्यांच्या उद्योजकता कौशल्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धाही रुजल्या आहेत. या स्पर्धांत पाठांतराला किंमत नसते. संघाने एखादा सामाजिक प्रश्न निवडायचा, त्यावर चालू शकेल असा व्यवसाय उभा करायचा आणि नफ्यातोट्याचे गणित परीक्षकांना पटवून द्यायचे, असे त्यांचे स्वरूप असते. गरिबांचा प्रश्न विद्यार्थ्यांच्या हाती सोपवून त्याचे उत्तर खरोखरच मिळते काय, हा यातील कळीचा मुद्दा आहे.

शाळेतील कंपनीपासून सुरुवात

या कल्पनेचे मूळ बरेच जुने आहे. अमेरिकेत १९१९ मध्ये स्थापन झालेल्या 'ज्युनिअर अचिव्हमेंट' या संस्थेने शालेय वयातील मुलांना छोटी कंपनी काढायला शिकवले. मुलांनी समभाग विकून भांडवल जमवायचे, वस्तू तयार करून विकायची आणि अखेरीस हिशेब पूर्ण करून कंपनी गुंडाळायची, असा हा उपक्रम. ब्रिटनमध्ये १९६२ पासून 'यंग एंटरप्राइझ' या संस्थेने हेच काम हाती घेतले.

महाविद्यालयीन पातळीवर १९७५ मध्ये अमेरिकेतच 'स्टुडंट्स इन फ्री एंटरप्राइझ' ही चळवळ सुरू झाली. २०१२ पासून ती 'एनॅक्टस' या नावाने ओळखली जाते. एनॅक्टसचे वैशिष्ट्य असे, की संघाने कागदावरच्या योजनेऐवजी वर्षभरात प्रत्यक्ष केलेल्या कामाचा अहवाल परीक्षकांपुढे ठेवायचा असतो. राष्ट्रीय फेरीतील विजेता संघ विश्वचषकासाठी जातो. भारतात दिल्ली विद्यापीठाच्या अनेक महाविद्यालयांत एनॅक्टसचे संघ कार्यरत आहेत.

दहा लाख डॉलरचे बीजभांडवल

सर्वाधिक चर्चा होते ती 'हल्ट पारितोषिका'ची. हल्ट इंटरनॅशनल बिझनेस स्कूलमध्ये शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या कल्पनेतून ही स्पर्धा जन्माला आली आणि स्वीडिश उद्योजक बर्टिल हल्ट यांच्या कुटुंबाने तिला आर्थिक पाठबळ दिले. विजेत्या संघास व्यवसाय उभारणीसाठी १० लाख डॉलर मिळतात. महाविद्यालयातील प्राथमिक फेरी, त्यानंतरच्या निवड फेऱ्या, निवडक संघांसाठी मार्गदर्शन शिबिर आणि शेवटी महाअंतिम फेरी अशी तिची चढण असते. काही वर्षे अमेरिकेचे माजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या 'क्लिंटन ग्लोबल इनिशिएटिव्ह'च्या सहकार्याने ती भरवली जात असे आणि वर्षाचा विषय त्यांच्या संमतीने ठरत असे.

विषय नेहमीच मोठे असतात. २०१३ मध्ये शहरी झोपडपट्ट्यांतील अन्नसुरक्षा, २०१५ मध्ये बालशिक्षण, २०१७ मध्ये निर्वासितांचे प्रश्न. २०१७ चा मान अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाच्या संघास मिळाला. कराचीतील ओरंगी टाऊन या विस्तीर्ण वस्तीत परवडणारी रिक्षासेवा सुरू करण्याची त्यांची योजना होती. घरापासून कामाच्या ठिकाणापर्यंत पोहोचण्याची सोय नसेल तर रोजगार असूनही नसल्यासारखा, हे त्यामागील साधे निरीक्षण होते.

हैदराबादचा विजय

भारतीय संस्थेने हे शिखर गाठले ते २०१४ मध्ये. त्या वर्षी मधुमेह, रक्तदाब यांसारख्या दीर्घकालीन विकारांनी ग्रस्त असलेल्या २.५ कोटी झोपडपट्टीवासीयांपर्यंत आरोग्यसेवा कशी पोहोचवावी, असा प्रश्न होता. हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसच्या 'नॅनोहेल्थ' संघाने त्यावर उत्तर मांडले. वस्तीतीलच व्यक्तींना प्रशिक्षण देऊन आरोग्यसेवक करायचे आणि तपासणीची साधने असलेली पिशवी घेऊन त्यांना दारोदारी पाठवायचे. रोजंदारी बुडवून दवाखान्याच्या रांगेत उभे राहणे ज्यांना परवडत नाही, त्यांच्या आजाराचे निदान उशिरा होते. या योजनेने नेमके तेच दुखणे ओळखले होते. धारावी किंवा गोवंडी जवळून पाहिलेल्या मुंबईकराला ते वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

२०२३ मध्ये येल विद्यापीठाच्या 'बनोफी लेदर' या संघाने बाजी मारली. त्या वर्षीचा विषय वस्त्रप्रावरणे आणि फॅशन उद्योगाचा होता. केळीच्या पिकातील टाकाऊ भागापासून चामड्याला पर्याय तयार करण्याचा हा उद्योग कोलकात्यात आकाराला आला. केळीच्या झाडाला एकदाच घड लागतो आणि नंतर खोड तोडावे लागते. जळगावसारख्या केळीच्या पट्ट्यातील शेतकऱ्याला त्याची विल्हेवाट लावणे ही डोकेदुखीच असते. अशा खोडाला बाजारभाव मिळाला, तर त्याचे मोल बक्षिसाच्या रकमेहूनही अधिक ठरावे.

पारितोषिकानंतरची परीक्षा

मात्र पारितोषिक म्हणजे यशाची हमी नव्हे. २०१३ मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या संघाने खाद्य कीटकांच्या पैदाशीची योजना मांडून हल्ट पारितोषिक जिंकले. त्यातून उभ्या राहिलेल्या 'ॲस्पायर फूड ग्रुप'ने पुढे कॅनडातील ओंटारिओ प्रांतात रातकिड्यांच्या पैदाशीचा प्रचंड कारखाना उभारला. परंतु २०२५ मध्ये ही कंपनी कर्जापायी रिसीव्हरच्या ताब्यात गेली. सभागृहातील टाळ्या आणि बाजारातील मागणी या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचे हे ठळक उदाहरण होय.

या स्पर्धांवरील आक्षेपही दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. वस्तीतील माणसाचे दुःख काही मिनिटांच्या सादरीकरणात बसवताना ते सोपे करून सांगितले जाते. इंग्रजीवर प्रभुत्व आणि परदेशवारीचा खर्च पेलण्याची ऐपत असलेल्या नामांकित संस्थांना त्यात आपोआप झुकते माप मिळते. ज्याच्या नावाने योजना आखली जाते, तो परीक्षकांच्या आसनावर क्वचितच असतो.

तरीही हरलेल्या संघांच्या पदरीही काही ना काही पडते. ग्राहकाशी बोलणे, खर्चाचा अंदाज बांधणे, जबाबदाऱ्या वाटून घेणे आणि आपली कल्पना चुकीची ठरली की ती मुकाट्याने बदलणे, हे धडे क्रमिक पुस्तकांतून मिळत नाहीत. युरोपीय आयोगाने २०१६ मध्ये तयार केलेल्या उद्योजकता आराखड्यातही अपयशातून शिकण्याच्या क्षमतेला स्थान देण्यात आले आहे.

स्पर्धेत उतरू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी म्हणूनच सादरीकरणाच्या तयारीआधी वस्तीत, शेतात किंवा बाजारात काही दिवस घालवावेत. आपण जे विकणार आहोत ते तेथील माणूस पदरचे पैसे मोडून घेईल काय, हे त्यालाच विचारावे. त्याचे उत्तर नकारार्थी असेल, तर परीक्षकांच्या होकाराला फारसा अर्थ उरत नाही.