नळातलं पाणी जेव्हा उलटं वाहतं

काविळीचा किंवा आमांशाचा रुग्ण आला की आम्ही डॉक्टर मंडळी ठरलेले प्रश्न विचारतो. बाहेर कुठे खाल्लंत? पाणीपुरी? उसाचा रस? लग्नाचं जेवण? बऱ्याचदा उत्तर येतं, "नाही हो डॉक्टर, घरचंच खातो आणि नळाचंच पाणी पितो. नळाचं पाणी तर शुद्ध करूनच येतं ना?"

शुद्धीकरण केंद्रातून ते शुद्ध होऊनच निघतं. प्रश्न असतो तो पुढच्या प्रवासाचा. पाइपातलं पाणी केंद्राकडून आपल्या घराकडेच वाहतं, असं आपण गृहीत धरतो. पण पाइपाला दिशा कळत नाही. जिकडे दाब कमी, तिकडे पाणी जातं. ही साधी गोष्ट दुर्लक्षित राहिल्यामुळे किती माणसं आजारी पडली आणि काही दगावलीही, त्याचा हा थोडा इतिहास.

सुरुवात शिकागोपासून करू. १८९३ साली तिथे मोठा जागतिक मेळा भरला होता. त्याच निमित्ताने सर्वधर्म परिषद झाली आणि स्वामी विवेकानंदांचं भाषण गाजलं, म्हणून आपल्याला ते साल ठाऊक असतं. त्या मेळ्याच्या पाहुण्यांसाठी मिशिगन अॅव्हेन्यूवर, आधीपासून असलेल्या ऑडिटोरियम हॉटेलची पुरवणी म्हणून एक नवं हॉटेल बांधलं गेलं. तेच पुढे काँग्रेस हॉटेल म्हणून ओळखलं जाऊ लागलं. चाळीस वर्षांनी, १९३३ मध्ये, शिकागोत पुन्हा जागतिक मेळा भरला. लाखो लोक लोटले आणि ही दोन्ही हॉटेलं गजबजली. तोवर दोन्ही इमारतींचं नळकाम जुनं झालं होतं. वर्षानुवर्षं नवीन खोल्या, नवीन बाथरूम, नवीन जोड देत गेल्यामुळे कुठला पाइप कुठे जातो याचा नीट हिशेब राहिला नव्हता. जुन्या वाड्याचा फ्लॅट-स्कीम होताना नळकामाचं काय होतं ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे चित्र लगेच कळेल.

ऑगस्टमध्ये शहराच्या आरोग्य खात्याकडे अमीबिक आमांशाचे पहिले रुग्ण नोंदले गेले. चौकशीत काँग्रेस हॉटेलचं नाव आलं. खात्याचे प्रमुख होते डॉ. हर्मन बंडेसन. त्या काळच्या वैद्यकीय समजुतीला धरून संशय गेला स्वयंपाकघराकडे. आचारी, वाढपी, भांडी घासणारे यांच्या शौचाच्या तपासण्या झाल्या आणि बऱ्याच जणांमध्ये अमीबा सापडला. म्हणजे गुन्हेगार मिळाला असंच वाटलं.

मला या गोष्टीत सगळ्यात बोचतो तो हा भाग. अमीबा त्यांच्या पोटात होता हे खरंच होतं. पण तीच माणसं दिवसभर त्याच इमारतीतलं पाणी पीत होती. रोग पसरवणारे म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवलं गेलं, त्यांच्यातले कितीतरी जण स्वतःच त्या पाण्याचे बळी असणार. आजही गावात जुलाबाची साथ आली की पहिला दोष हातगाडीवाल्याला जातो आणि पाइप शेवटी तपासला जातो.

अमीबाचा स्वभावही तपासाच्या आड आला. संसर्ग झाल्यावर लक्षणं दिसायला सहसा दोन ते चार आठवडे लागतात. तोवर मेळ्याचे पाहुणे आपापल्या गावी पोहोचले होते. एकेका गावातल्या डॉक्टरांसमोर एखाददुसरा रुग्ण येई. पोटात दुखतंय, ताप आहे, शौचातून रक्त पडतंय. हा आजार उष्ण देशांतला, अशी तेव्हा अमेरिकेत समजूत होती. त्यामुळे काही जणांना अपेंडिक्सचा त्रास ठरवून त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाल्या, तर काहींना अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणजे आतड्याला सूज आणि जखमा असल्याचं सांगितलं गेलं. अमीबाने पोखरलेल्या आतड्यावर चाकू चालवणं अतिशय धोक्याचं होतं. एमेटिन हे औषध तेव्हाही उपलब्ध होतं, पण निदानच झालं नाही तर औषध कुठून देणार? टेक्सस ग्वायनन ही त्या काळातली गाजलेली नाइटक्लबची कलावंत मेळ्याच्या काळात शिकागोत होती. ५ नोव्हेंबर १९३३ रोजी कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात ती याच आजाराने गेली. सामान्य लोकांपर्यंत ही बातमी नीट पोहोचली ती नोव्हेंबरमध्ये, मेळा संपत आला तेव्हा. अखेरच्या मोजणीत १,४०९ रुग्ण आणि ९८ मृत्यू नोंदले गेले.

स्वयंपाकघराच्या संशयाने सगळा उलगडा होत नव्हता, तेव्हा इंजिनिअर इमारतींत उतरले. पिण्याचं पाणी गार करायच्या टाकीवरून सांडपाण्याचा जुना, गळका पाइप गेलेला सापडला. पिण्याच्या आणि सांडपाण्याच्या नळांचे एकमेकांशी लागलेले जोडही निघाले. आणि आपल्या विषयाशी थेट संबंधित गोष्ट अशी, की अनेक बाथटब आणि कमोड अशा रीतीने बसवले होते की पाण्याची तोटी घाण पाण्याच्या पातळीखाली बुडू शकत होती. खालच्या मजल्यांवर पाण्याचा वापर वाढला, वरच्या मजल्यांचा दाब पडला, की ती तोटी पाणी देण्याऐवजी पाणी ओढून घेणार. क्लोरिनवर भरवसा ठेवून उपयोग नव्हता, कारण अमीबाचं कवचधारी रूप, ज्याला आम्ही सिस्ट म्हणतो, ते पिण्याच्या पाण्यातल्या नेहमीच्या क्लोरिनला दाद देत नाही.

नळ पाणी ओढतो, हे खरं वाटत नसेल तर घरातच आठवून पाहा. पिंप भरायला नळाला रबरी नळी लावून तिचं टोक पिंपाच्या तळाशी सोडलेलं असतं. मध्येच पाणी जातं. तुम्ही नळ बंद करायला विसरता. थोड्या वेळाने पाहता तर पिंपातलं पाणी कमी झालेलं! रस्त्यातल्या पाइपात पाणी उतारावर ओसरत गेलं, मागे पोकळी झाली आणि तिने तुमच्या पिंपातलं पाणी नळीवाटे ओढून नेलं. पिंपात स्वच्छ पाणी होतं म्हणून बिघडलं नाही. त्या जागी फरशी पुसायची बादली असती, तर तेच पाणी शेजारच्या बिऱ्हाडाच्या नळाला आलं असतं. इंजिनिअर याला उलट शोषण म्हणतात.

याचं अगदी नमुनेदार उदाहरण १९६९ सालचं आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात वुस्टर नावाचं शहर आहे. तिथल्या टेकडीवर होली क्रॉस कॉलेज आहे. त्या वर्षी कॉलेजच्या फुटबॉल संघाने हंगामातले पहिले दोन सामने खेळले आणि दोन्ही हरले. एरवी धडधाकट असलेली मुलं थकलेली दिसत होती. मळमळ, ताप, आणि मग एकेकाचे डोळे पिवळे. खेळाडू आणि प्रशिक्षक मिळून ९७ जणांची तपासणी झाली. त्या वेळच्या अहवालानुसार त्यांतल्या ९० जणांच्या तपासणीत लिव्हरचा दोष दिसला आणि ३२ जणांना उघड कावीळ होती. हंगामातले उरलेले सगळे सामने रद्द करावे लागले.

कॉलेजातले बाकी विद्यार्थी मात्र ठणठणीत होते. मग संघानेच असं काय खाल्लं-प्यायलं? सप्टेंबरच्या सुरुवातीला नव्याने दाखल झालेले पहिल्या वर्षाचे खेळाडूही आजारी पडले नव्हते. म्हणजे जे काही झालं ते ऑगस्ट संपण्यापूर्वी. या प्रकारच्या काविळीत लागण आणि लक्षणं यांत साधारण चार आठवडे जातात, तोही हिशेब जुळत होता. तपास करणारे सरावाच्या मैदानावरच्या पिण्याच्या नळापाशी पोहोचले. तो नळ ज्या पाइपवर होता, त्याच पाइपवर मैदानाला पाणी मारायचे फवारेही होते. फवाऱ्यांचे जोड जमिनीतल्या खड्ड्यांत बसवलेले, आणि त्या खड्ड्यांत पाणी साठायचं. जवळच राहणारी लहान मुलं त्या पाण्यात खेळायची. त्या मुलांमध्ये काविळीची लागण होती.

पण खड्ड्यातलं पाणी पाइपात शिरलं कसं? २९ ऑगस्टला शहरात आग लागली होती. अग्निशमन दलाने मुख्य पाइपातून भरपूर पाणी उपसलं. टेकडीवरच्या पाइपात दाब पडला, फवाऱ्यांच्या जोडांतून खड्ड्यातलं पाणी आत ओढलं गेलं आणि दाब परत आल्यावर ते सरळ पिण्याच्या नळाला आलं. उन्हात सराव करून आलेली मुलं तेच पाणी पोटभर प्यायली. आग एका ठिकाणी आणि कावीळ दुसऱ्याच ठिकाणी, तीही महिन्याभराने. हिपॅटायटिस ए चा विषाणू तर तोवर कुणी पाहिलाही नव्हता, तो सूक्ष्मदर्शकाखाली दिसला १९७३ मध्ये. खेळाडूंच्या रक्ताचे नमुने साठवून ठेवले होते, म्हणून पुढे कधीतरी त्यांची तपासणी होऊन विषाणूची खात्री पटली. वैद्यकातल्या उत्तम तपासांमध्ये मी याला बरंच वरचं स्थान देईन.

उलट प्रवाहाचा दुसरा प्रकार म्हणजे घाणीच्या बाजूचा दाबच जास्त होणं. फिनलंडमध्ये नोकिया नावाचं गाव आहे, मोबाइलच्या कंपनीचं नाव याच गावावरून आलं. २००७ च्या नोव्हेंबर महिन्यात तिथल्या सांडपाणी केंद्रात पिण्याच्या पाण्याची लाइन आणि सांडपाण्याची लाइन जोडणारा एक व्हॉल्व्ह उघडा राहिला. सांडपाण्याचा पंप जोरदार होता. लाखो लिटर सांडपाणी गावाच्या नळांत गेलं आणि हजारो लोक जुलाब-उलट्यांनी आजारी पडले. स्वच्छतेसाठी नावाजलेल्या देशात, एका व्हॉल्व्हमुळे.

यावरचा उपाय गंमत वाटावी इतका साधा आहे. तोटी आणि खालच्या पाण्याची सर्वात वरची पातळी यांच्यामध्ये मोकळी हवा ठेवायची. तोटीच्या व्यासाच्या निदान दुप्पट अंतर, असा सर्वसाधारण नियम आहे. पाणी त्या अंतरातून खाली पडू शकतं, पण पाइपाने कितीही ओढलं तरी त्याला हवाच मिळते. बेसिनचा नळ बेसिनच्या काठाच्या वर असतो, तो केवळ हात धुवायला सोयीचा म्हणून नव्हे. जिथे असं अंतर ठेवता येत नाही तिथे पोकळी तोडणारे व्हॉल्व्ह किंवा उलट प्रवाह रोखणारी दुहेरी यंत्रणा लागते. नुसता एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह पुरेसा नाही. त्यात कचरा किंवा क्षार अडकला की तो अर्धवट उघडा राहतो, आणि बाहेरून पाहून काही कळत नाही. शिकागोनंतर अमेरिकेत नळकामाच्या नियमांकडे गांभीर्याने पाहिलं जाऊ लागलं. १९४४ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात केवळ या विषयाच्या संशोधनासाठी वेगळी संस्था सुरू झाली.

आपल्या देशात हा प्रकार एकदा नदीच्या पातळीवर घडला. १९५५ च्या अखेरीस यमुनेने पात्र बदललं आणि दिल्लीतल्या नजफगड नाल्याचं सांडपाणी वझिराबादच्या उपसा केंद्राकडे उलटं सरकलं. क्लोरिनचं प्रमाण वाढवल्यामुळे कॉलरा, टायफॉइड उसळले नाहीत, पण पुढच्या काही आठवड्यांत सुमारे २९,३०० लोकांना कावीळ झाली. गर्भवती स्त्रियांमध्ये मृत्यू जास्त झाले. पुढे कळलं की तो हिपॅटायटिस ई होता. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत या आजारात २० ते २५ टक्क्यांपर्यंत मृत्यू होऊ शकतात, म्हणून गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले तर घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नका.

शिकागोत दाब पडणं हा अपवाद होता. आपल्याकडे महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत आणि शहरांत पाणी दिवसातून काही तासच येतं, कुठे एक दिवसाआड, कुठे आठवड्यातून एकदा. म्हणजे पाइप रोज रिकामा होतो आणि रोज ओढतो. जोडाला जिथे बारीक चीर असेल आणि शेजारी गटार असेल, तिथे तो गटारातलं ओढतो. त्यात भर म्हणजे थेट नळाला लावलेल्या मोटारी. पाणी कमी येतं म्हणून माणूस मोटार लावतो, त्याची अडचण मला कळते. पण मोटार पालिकेच्या पाइपातच पोकळी तयार करते आणि गळक्या जोडांतून बाहेरची घाण आत खेचते. ती घाण मोटार लावणाऱ्याच्या टाकीत येतेच, शिवाय मोटार नसलेल्या शेजाऱ्याच्याही माठात जाते. पालिका मोटारी जप्त करतात तेव्हा लोक चिडतात, पण या एका बाबतीत मी पालिकेच्या बाजूचा आहे.

घरात करण्यासारखं थोडंच आहे, पण ते फुकट आहे. नळीचं टोक पिंपात, बादलीत किंवा गाडी धुण्याच्या पाण्यात बुडवून ठेवू नका, वर टांगा. संडासातला जेट स्प्रे कमोडमध्ये किंवा बादलीत सोडून देऊ नका. पाणी सुटल्यावर पहिलं गढूळ पाणी पिण्यासाठी भरू नका, ते वापरायला घ्या. वस्तीत काविळीचे रुग्ण असतील तर पिण्याचं पाणी खळखळून उकळा, निदान एक मिनिट. अमीबाची सिस्ट आणि काविळीचे विषाणू दोन्ही त्यात मरतात. सोसायटीची जमिनीखालची टाकी पुढच्या वेळी धुवायला काढाल तेव्हा प्लंबरला विचारा की पालिकेच्या पाण्याचा पाइप टाकीत कुठे सुटतो. तो ओव्हरफ्लोच्या वर, मोकळ्या हवेत सुटायला हवा. तळाशी बुडालेला असेल तर कापून वर घ्यायला सांगा, अर्ध्या दिवसाचं काम आहे.