रंगूनचा तांदूळ बंद झाला ते साल

माझी आजी लढाईचं साल सांगायची ते तांदळावरून. "रंगूनचा तांदूळ बंद झाला ना, तेव्हाची गोष्ट," अशी तिची सुरुवात. म्हणजे १९४२. पुस्तकातली तारीख निराळी आहे. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचं जाहीर केलं. ना कायदेमंडळाला विचारलं, ना एका हिंदी पुढाऱ्याला. काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, मुंबईत बाळासाहेब खेर पायउतार झाले. माणगाव तालुक्यातल्या आमच्या वाडीवर यातलं काही पोचलं नाही. तिथे पोचला भरतीवाला.

आजीचे थोरले दीर मराठा पलटणीत गेले. या महायुद्धात पंचवीस लाख हिंदी जवान होते, आणि ते सारे स्वखुशीने भरती झालेले, असं अभिमानाने लिहिलं जातं. ही खुशी मला नीट तपासावीशी वाटते. खोताचा वाटा घातल्यावर आमच्या घरात उरलेलं भात शिमग्यापर्यंतही पुरत नसे. "भाऊजी गेले ते मनिऑर्डरीसाठी," आजी सांगायची. त्या माणसाच्या धाडसाला यामुळे तसूभरही उणेपणा येत नाही. उणेपणा येतो तो त्याला 'स्वयंसेवक' म्हणणाऱ्यांच्या हिशेबाला.

मार्च १९४२ मध्ये रंगून जपान्यांच्या हाती पडलं आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ थांबला. कोकणातलं भात कोकणाला पुरत नव्हतंच. वाण्याकडचा भाव चढत गेला. घरात नाचणीची भाकरी दोन्ही वेळा आली, आणि भाताची पेज पोरांपुरती राहिली. रॉकेल मिळेना, तेव्हा करंजेलाचे दिवे लागले. चलनही बदललं. १९४० मध्ये सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. पणजीने ते कसं ओळखलं कोण जाणे, पण हाताशी होते ते राणीछाप रुपये तिने कणगीच्या तळाशी पुरले आणि उपास पडले तरी काढले नाहीत. पुढे १९४३ मध्ये भोकाचा पैसा आला. धातू वाचवण्यासाठी पैशाला भोक पाडणारं सरकार, आणि तो पैसा करगोट्यात ओवून हुंदडणारी पोरं!

आजोबा मुंबईला गिरणीत होते. लष्कराच्या कापडासाठी साचे रात्रंदिवस चालत आणि गावी आजीच्या लुगड्याला ठिगळावर ठिगळ चढे. तिच्या बोलण्यात याची चीड शेवटपर्यंत होती. मे १९४३ मध्ये मुंबईत रेशन सुरू झालं. त्यानंतर वर्षभरात, १४ एप्रिल १९४४ ला, व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' बोट फुटली. कापूस आणि दारूगोळा एकाच बोटीत भरलेला होता. शेकडो माणसं गेली. जपान्यांनी बॉम्ब टाकला असंच आजोबांना वाटलं. वर्तमानपत्रांवर बंधनं होती. गावी आधी अफवा पोचली, आणि आजोबांचं पत्र येईपर्यंत आजीच्या घशाखाली घास उतरला नाही.

त्याच साली १० जुलैला इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात, आमच्याच तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे पडले. सोबतचे सगळे मशीनगनच्या माऱ्यात कोसळले, तरी ते एकटे त्या गनवर धावून गेले. नवी गोळ्यांची पेटी लावायला वेळ नव्हता तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने लढले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. शाळेत आम्हाला त्यांचा पराक्रम सांगत. मागे राहिलेल्या त्यांच्या तरुण बायकोबद्दल कधी कुणी बोललं नाही. आजी मात्र पुतळ्यासमोरून जाताना आधी तिचीच आठवण काढी.

आजीचे दीर १९४६ मध्ये परतले. ट्रंकेत बिल्ले होते, जमीन होती तशीच खोताची होती. पावसाळा लागला तसे ते लावणीला त्याच शेतात उतरले. खोती मोडण्याचा कायदा व्हायला १९४९ साल उजाडावं लागलं.