रादोमचे पिस्तूल आणि त्याचे कारागीर

महायुद्धातील जुनी लष्करी पिस्तुले जमविणारे लोक युरोप-अमेरिकेत पुष्कळ आहेत. आपल्याकडे हा छंद जवळजवळ नाही. ९ मिलिमीटरचे लष्करी पिस्तूल आपल्या देशात सामान्य परवान्यावर ठेवता येत नाही, आणि ते योग्यच आहे. मग या व्यासपीठावरून हा विषय कशाला, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, संग्राहक पोलादाचा तुकडा ज्या बारकाईने वाचतो, ती बारकाई इतिहासाच्या अभ्यासकाने घेण्यासारखी आहे. त्या वाचनातून जे निसटते, ते मात्र कामगार चळवळीतल्या माणसाने सांगावयास हवे. यासाठी मी एकच पिस्तूल निवडतो. ते म्हणजे पोलंडमधील रादोम शहरात तयार झालेले ‘विस’.

पोलंड आपल्याला अगदीच परका नाही. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित कोल्हापूरजवळ वळिवडे येथे राहिले होते. त्यांना रशियनांनी पूर्व पोलंडमधून हद्दपार केले होते. जे मायदेशी जर्मन टाचेखाली राहिले, त्यांच्यापैकी काहींची ही हकिकत आहे.

पिओत्र विल्न्येव्चित्स आणि यान स्क्शिपिन्स्की या दोघांनी हे पिस्तूल आखले. आरंभी त्याचे नाव त्यांच्याच आद्याक्षरांवरून पडले. पुढे ते ‘विस’ झाले. लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थ शक्ती. त्यात आठ गोळ्या बसत. घोडेस्वाराचा एक हात लगामात गुंतलेला असतो, म्हणून चढवलेला घोडा एकाच हाताने, गोळी न सुटता खाली आणता यावा अशी कळ त्याला बसविली होती. १९३९ च्या सप्टेंबरपर्यंत अशी सुमारे ४९,००० पिस्तुले तयार झाली. त्या प्रत्येकावर पोलंडचा गरुड आणि निर्मितीचे वर्ष कोरलेले असे. संग्राहक आज ज्याला मोठी किंमत मोजतात ते हेच गरुडाचे पिस्तूल.

जर्मनांनी देश जिंकला आणि कारखाना ऑस्ट्रियातील स्टायर कंपनीच्या हाती दिला. गरुड गेला आणि ‘पी ३५’ हे जर्मन नाव व जर्मन तपासनिसाचा शिक्का आला. कारखान्याचे नाव आणि पेटंटचा क्रमांक १५५६७ मात्र तसाच राहिला. या काळात तीन लाखांहून अधिक नग निघाले. घाई वाढली तसे काम साधे होत गेले. मुठीमागची लाकडी दस्ता जोडण्याची खाच प्रथम गेली, मग एक कळ गेली, आणि पृष्ठभागावर यंत्राचे ओरखडे तसेच राहू लागले. संग्राहक या खुणांवरून नगाचा काळ सांगतो. ज्याने कारखान्यात पाळी केली आहे, त्याला त्याच ओरखड्यांत वरून येणारा उत्पादनाचा तगादा दिसतो.

जर्मनांना आपल्या कामगारांचा भरवसा नव्हता. रादोममध्ये पुरे पिस्तूल बनूच नये म्हणून नळ्या ऑस्ट्रियात करण्याची व्यवस्था त्यांनी केली. तरीही कामगारांनी सुटे भाग फाटकाबाहेर काढले. उणे पडणाऱ्या नळ्या इतरत्र चोरून तयार झाल्या, आणि जोडलेली पिस्तुले पोलंडच्या भूमिगत सैन्याकडे गेली. मित्रहो, फाटकावरची झडती म्हणजे काय हे गिरणीत किंवा कारखान्यात राबलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. आपल्याकडे झडतीत सापडलेल्याची नोकरी जाते. तेथे गळ्यात दोर पडत होता.

तो पडलाही. १९४२ साली रादोमजवळ रोझ्की येथील रेल्वे स्थानकावर चकमक झाली. तेथे सापडलेल्या पिस्तुलाचा माग कारखान्यापर्यंत पोचला आणि अटकसत्र सुरू झाले. ऑक्टोबरमध्ये रादोम आणि आसपास सुमारे पन्नास जणांना उघड्यावर फाशी देण्यात आले. त्यांत कारखान्यातील कामगार होते, तसेच त्यांचे नातलगही होते. फाशीचे खांब कारखान्यासमोरही उभारले होते. सकाळच्या पाळीला जाणाऱ्यांनी ते पाहावे हाच हेतू. एवढे होऊनही चोरटे काम थांबले नाही. १ ऑगस्ट १९४४ रोजी वॉर्सा शहर उठले आणि त्रेसष्ट दिवस लढले, तेव्हा लढणाऱ्यांच्या हातांत ‘विस’ होते.

युद्ध संपल्यावर अनेक पिस्तुले विजयी सैनिकांच्या सामानातून अमेरिकेला गेली आणि तेथे संग्रहांची भर झाली. कारखाना रादोमलाच राहिला. २५ जून १९७६ रोजी अन्नधान्याच्या भाववाढीविरुद्ध शहरात संप झाला, त्यात पहिले पाऊल याच कारखान्याच्या कामगारांनी टाकले. सरकारने त्याच दिवशी संध्याकाळी भाववाढ मागे घेतली. मात्र कामगारांना बेदम मारहाण झाली आणि कित्येकांना कामावरून काढून टाकले. त्यांच्या मदतीसाठी त्याच सप्टेंबरात पोलंडमध्ये कामगार संरक्षण समिती स्थापन झाली.

पिस्तुलावर राज्याचा गरुड आहे, आखणाऱ्यांच्या नावाची खूण आहे, जर्मन तपासनिसाचा शिक्का आहे. ज्यांनी ते घडविले आणि ज्यांना त्यापायी फाशी झाली, त्यांची खूण कोठेच नाही. आपल्या शहरातील संग्रहालयातही तलवारीशेजारी सरदाराचे नाव लिहिलेले असते. पुढच्या वेळी तेथे जाल तेव्हा ती कोणत्या गावच्या लोहाराने घडविली, एवढे अवश्य विचारा. उत्तर मिळाले नाही, तर शोधण्याचे काम आपल्यापैकीच कोणी तरी अंगावर घ्यावे.