सेकंदाचे आठ दशांश

ग्रिनिचच्या राजवेधशाळेत १७९६ साली डेव्हिड किनब्रुक नावाच्या मदतनिसाची नोकरी गेली. तारा दुर्बिणीतल्या उभ्या धाग्यावरून नेमका कधी सरकतो, ते टिपणं हे त्याचं काम. डोळा दुर्बिणीला लावायचा, कान घड्याळाच्या ठोक्यांकडे ठेवायचा आणि दोन ठोक्यांमधला सेकंदाचा दहावा हिस्सा अंदाजाने मांडायचा. वेधशाळेचे प्रमुख नेव्हिल मॅस्केलाइन यांच्या नोंदींहून त्याच्या नोंदी अर्ध्या सेकंदाने उशिरा पडू लागल्या. समज दिली, तर अंतर आठ दशांशांवर गेलं. मॅस्केलाइन यांनी त्याच्या पद्धतीला दोष देऊन त्याला काढून टाकलं. दोघंही प्रामाणिकपणे पाहत असतील आणि तरी वेळ वेगळी येत असेल, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. किनब्रुक १८०२ साली वारला. त्याचं निरपराधित्व सिद्ध व्हायला अजून अवकाश होता, याची हळहळ वाटते.

पुढे क्योनिग्जबर्गचे खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांच्या वाचनात ही हकिकत आली. त्यांनी स्वतःच्या नोंदी इतर नामांकित खगोलशास्त्रज्ञांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या, तर फरक सेकंदाहूनही मोठा निघाला. मग प्रत्येक निरीक्षकाचा फरक मोजून हिशेबात धरायचा रिवाज पडला. खगोलशास्त्राचा प्रश्न त्याने सुटला, पण पाहण्यात आणि पाहिल्याचं कळण्यात वेळ जातो, ही गोष्ट उघडी पडली होती. हेल्महोल्ट्झ यांनी १८५० साली बेडकाच्या मज्जातंतूतून संदेश किती वेगाने धावतो ते मोजलं. हा वेग मोजताच येणार नाही, असं त्यांचे गुरू योहानेस म्युलर मानत. तो निघाला सेकंदाला सुमारे २७ मीटर. उट्रेख्टच्या डॉन्डर्स यांनी १८६८ साली याहून धीट पाऊल टाकलं. ठरलेलं एकच अक्षर ऐकून परत उच्चारायला लागणारा वेळ त्यांनी मोजला. मग अनेकांपैकी कुठलं अक्षर येणार हे ठाऊक नसताना लागणारा वेळ मोजला. वजाबाकीत उरला तो ओळखण्याचा आणि निवडण्याचा वेळ. मनाच्या व्यापाराला असा आकडा लागला.

हेल्महोल्ट्झ यांच्या हाताखाली काम केलेल्या विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली लाइपझिग विद्यापीठात मानसशास्त्राची प्रयोगशाळा मांडली. तिथलं मानाचं यंत्र म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग दाखवणारं हिप यांचं घड्याळ. आवाज होताच काटे सुटत आणि ऐकणाऱ्याने कळ सोडताच थांबत. आज प्रयोग घेणारा उद्या स्वतः कळीवर बोट ठेवून बसे. जगभरचे विद्यार्थी तिथे आले आणि परतताना ही पद्धत घेऊन गेले. स्टॅन्ली हॉल यांनी १८८३ साली बाल्टिमोरला प्रयोगशाळा काढली. त्यांचे शिष्य मोतोरा यांनी तोक्योत हा विषय रुजवला. वुंट यांची व्याख्याने ऐकलेले त्साय युआनपेय पेकिंग विद्यापीठाचे प्रमुख झाले आणि १९१७ साली तिथेही प्रयोगशाळा उभी राहिली. कलकत्त्याला त्याआधीच, १९१६ साली, नरेंद्रनाथ सेनगुप्त यांनी सुरुवात केली होती. ते हार्वर्डला म्युन्स्टरबर्ग यांच्याकडे शिकले होते, आणि म्युन्स्टरबर्ग वुंट यांचे विद्यार्थी.

वुंट यांना सर्व माणसांना लागू पडणारे नियम हवे होते. माणसामाणसांतला फरक त्यांना गौण वाटे. त्यांचेच विद्यार्थी जेम्स कॅटेल मात्र त्या फरकालाच चिकटून राहिले. मला कॅटेल यांचा हट्ट मोलाचा वाटतो, कारण मानसशास्त्र प्रयोगशाळेबाहेर पडून शाळेत आणि दवाखान्यात गेलं ते याच वाटेने. पॅरिसमध्ये बिने आणि सिमाँ यांनी १९०५ साली मुलांसाठी बुद्धिमापन चाचणी तयार केली, आणि १९३० च्या दशकात व्ही. व्ही. कामत यांनी तिचं मराठी आणि कानडी मुलांसाठी रूपांतर केलं. परक्या मुलांची मोजपट्टी इथल्या मुलांना जशीच्या तशी लावायची नाही, हा त्यांचा आग्रह होता. बिने-कामत चाचणी आपल्याकडच्या दवाखान्यांत अजूनही वापरली जाते. पण ती बेतली गेली ती त्या काळातल्या मुलांवर. कामतांनी तेव्हा जे कष्ट घेतले, ते आजच्या मुलांसाठी कुणीतरी पुन्हा घेतले पाहिजेत.