दगडांतील पांच ढाली

चौलच्या पोर्तुगीज शहराचा कोट रेवदंड्यास आहे. तेथें पोर्तुगालचें राजचिन्ह दगडांत कोरलेलें आहे. आम्हां नगरकरांस तें सर्वस्वीं परकें नाहीं. १५७०-७१ सालीं अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहानें याच शहरास वेढा घातला होता, परंतु तें त्याच्या हातीं लागलें नाहीं. १७४० सालीं तें मराठ्यांकडे आलें.

या चिन्हांत पांच निळ्या ढाली, प्रत्येक ढालीवर पांच पांढरे ठिपके व भोंवतीं सात किल्ले असतात. पांच ढाली म्हणजे प्रभु येशूच्या पांच जखमा, असें पोर्तुगीज परंपरा सांगते. गोवा शहराच्या चिन्हांत संत कॅथरिनचें चाक आलें. कारण तिच्याच सणाच्या दिवशीं, २५ नोव्हेंबर १५१० रोजीं, आल्बुकेर्कनें तें शहर जिंकलें.

'तुमचा धर्म फिरंग्यांचा काय?' असें आम्हांस पुष्कळदां विचारण्यांत येतें. आमच्या जिल्ह्यांत तो कोणत्याही राजाच्या ढालीआड आला नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जर्मन येशूसंघी धर्मगुरु येथील खेड्यापाड्यांत फिरले, आणि आमच्या पूर्वजांनीं तो स्वीकारला. १९६१ सालीं गोव्यांतूनही ती राजसत्ता गेली. ढाली दगडांत राहिल्या. त्या पांच जखमा मात्र, वाचकहो, या ज्युबिलीच्या दिवशींही आपल्या वेदीवर आहेत.