उमेदवाराचे गणित कुणी शिकवायचे?

सुतारकाम शिकणाऱ्या मुलाला अपूर्णांक आलेच पाहिजेत का? आजाऱ्यांची शुश्रूषा शिकणाऱ्या मुलीला भाषेच्या परीक्षेत नापास झाली म्हणून प्रमाणपत्र नाकारावे का? इंग्लंडमध्ये हा वाद जुना आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या सरकारने त्याला एक वेगळेच वळण दिले. तोवर उमेदवारी, म्हणजे अ‍ॅप्रेंटिसशिप, पूर्ण करायची तर गणित आणि इंग्रजी या दोन विषयांत ठरावीक पातळी गाठावीच लागे. वरच्या उमेदवारीसाठी ती साधारणपणे सोळाव्या वर्षी होणाऱ्या शालान्त परीक्षेतील उत्तीर्ण श्रेणीइतकी असे. आता एकोणीस वर्षे पूर्ण झाल्यावर उमेदवारी सुरू करणाऱ्याला ही अट लावायची की नाही, हे मालकाने ठरवायचे आहे. त्याहून लहान मुलांसाठी मात्र अट कायम राहिली.

ही अट आली कुठून, हे पाहायला बरेच मागे जावे लागते.

पंधराव्या शतकात लंडनच्या सोनारांच्या संघाने नियम केला होता, की लिहिता-वाचता न येणारा मुलगा उमेदवार म्हणून घेऊ नये. सोन्याचा व्यवहार म्हटला की वजन, कस आणि हिशेब आलाच. पण हा नियम दारातच उभा होता. ज्याला येते तो आत, ज्याला येत नाही तो बाहेर.

१८०२ साली मात्र उलट दिशेचा कायदा झाला. त्या काळी अनाथ आणि गरीब मुलांना उमेदवार म्हणून कापडगिरण्यांत धाडले जाई. नाव उमेदवारीचे, पण शिकणे थोडे आणि राबणे फार. गिरण्यांत तापाच्या साथी पसरू लागल्या, तेव्हा स्वतः गिरणीमालक असलेल्या सर रॉबर्ट पील यांनी संसदेत विधेयक आणले. उमेदवारांना दिवसाला बारा तासांपेक्षा जास्त काम नको, वर्षाला एक नवा पोशाख द्यावा, एका बिछान्यावर दोघांहून जास्त मुले झोपवू नयेत, अशी त्यातली कलमे वाचली म्हणजे आधी काय चालत असेल याची कल्पना येते.

त्याच कायद्यात आणखी एक कलम होते. उमेदवारीच्या पहिल्या चार वर्षांत मुलांना वाचन, लेखन आणि अंकगणित शिकवावे. ते रोज, कामाच्याच वेळात शिकवावे आणि शिक्षकाचा पगार मालकाने द्यावा. इथे अट मुलावर नव्हती, मालकावर होती. तपासणीसाठी पगारी निरीक्षक नसल्यामुळे हा कायदा बराचसा कागदावरच राहिला, हे खरे. पण जबाबदारी कुणाची, हे त्याने स्पष्ट सांगितले होते.

मालकांनी जे केले नाही, ते पुढे कामगारांनी स्वतः करून पाहिले. ग्लासगोला कारागिरांसाठी व्याख्याने देणारे डॉ. जॉर्ज बर्कबेक लंडनला आले आणि १८२३ साली तिथे कारागिरांची संस्था, मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट, उभी राहिली. ही लाट आपल्या मुंबईपर्यंत आली. टांकसाळ आणि गोदीतल्या तरुण युरोपीय कारागिरांनी १८४७ साली अशीच संस्था काढली. काळा घोडा भागातले डेव्हिड ससून वाचनालय हा तिचाच वारसा. तिथल्या लांब खुर्च्यांवर बसणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की तिची सुरुवात यंत्रावर काम करणाऱ्या माणसांनी केली होती!

विसाव्या शतकाच्या अखेरीस, १९९४ मध्ये, इंग्लंडने उमेदवारीची योजना नव्याने सुरू केली. २०१२ साली डग रिचर्ड यांच्या अहवालाने गणित आणि इंग्रजीच्या पात्रतेचा आग्रह धरला. हेतू चांगला होता. कारखाना बंद पडला, धंदा बदलला, तरी या दोन गोष्टी माणसाजवळ राहतात. पण हेतू चांगला असला, तरी वर्गात काय घडते ते पाहावे लागते. शाळेत एकदा-दोनदा नापास झालेला माणूस आपले काम उत्तम शिके आणि शेवटी त्याच पेपरपाशी अडे.

मी काही वर्षे आयटीआयच्या मुलांना वर्कशॉपचे गणित शिकवले आहे. मायक्रोमीटरवर शतांश मिलिमीटर अचूक वाचणारा मुलगा फळ्यावर दशांशाचा गुणाकार दिसला की मान खाली घालतो. त्याला गणित येत नाही असे नाही. शाळेच्या गणिताची त्याने धास्ती घेतलेली असते. लेथवरच्या टेपरचा कोन काढायला बसवले, की तोच मुलगा त्रिकोणमितीशी झटापट करू लागतो.

म्हणून अट काढल्याचा मला निर्भेळ आनंद होत नाही. परीक्षेची भिंत पाडताना शिकण्याची संधीही गेली, तर नुकसान त्या उमेदवाराचेच आहे. आज मालकाला गरज वाटली नाही, म्हणून दहा वर्षांनी फोरमन होताना त्या माणसाला गरज भासणार नाही, असे थोडेच आहे?

आपल्याकडच्या १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात एक शहाणपणाचे कलम आहे. धंद्याला लागणारे तात्त्विक शिक्षण उमेदवाराला द्यावे आणि त्या तासांना गेलेला वेळ पगारी कामाचाच धरावा, असे ते सांगते. १८०२ च्या कायद्यातला विचार याहून फार वेगळा नव्हता. उमेदवाराला गणित आणि भाषा हवीच. प्रश्न आहे तो त्यासाठी वेळ आणि पैसा कुणी द्यायचा याचा. तो मालकाने आणि सरकारने दिला, तर परीक्षेची भीती निम्मी कमी होईल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)